आंरी प्वांकारे व त्यांची बहुमोल चूक

वर्षअखेरीस गणिताच्या वह्या तपासावयास घेतल्या म्हणजे एक गोष्ट आमच्या नेहमीं दृष्टीस पडते. ज्या पानावर उदाहरण बरोबर सुटलें असेल तें पान स्वच्छ असतें; जेथें तें चुकलें असेल तेथें रबरानें घासून घासून कागद पातळ झालेला असतो, आणि कित्येक वह्यांतून तर तें पानच नाहींसें झालेलें असतें. चूक दिसली म्हणजे अब्रू गेली असें मुलांना वाटतें. मोठ्या माणसांनाही तसेंच वाटतें, हें त्यांचे पालक कबूल करतील. म्हणून यंदाच्या अंकासाठीं एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र लिहावयाचें ठरलें तेव्हां आम्हीं एका अशा गणितज्ञाची निवड केली कीं, ज्यांनीं आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठी चूक, ती छापून निघाल्यावर आणि तिच्यासाठीं एका राजाचें बक्षीस हातीं आल्यावर, आपण होऊन कबूल केली. त्या चुकीच्या दुरुस्तींतून विज्ञानाची एक नवी शाखा जन्मास आली. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख तपासणारे संशोधक आणि हवेचा अंदाज बांधणारे शास्त्रज्ञ आज त्या शाखेचा आधार घेतात. या गणितज्ञाचें नांव आंरी प्वांकारे.

प्वांकारे यांचा जन्म २९ एप्रिल १८५४ रोजीं फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतांत, नान्सी या शहरीं झाला. त्यांचे वडील लेओं हे डॉक्टर असून वैद्यकाचे अध्यापकही होते. मातोश्री युजेनी या बुद्धिमान होत्या व मुलांच्या शिक्षणाकडे त्यांचें जातीनें लक्ष असे. आंरीला आलीन नांवाची एक धाकटी बहीण होती. पुढें १९१३ सालीं फ्रान्सच्या अध्यक्षपदीं निवडले गेलेले रेमों प्वांकारे हे आंरीचे चुलतभाऊ.

आंरी पांच वर्षांचा असतांना त्याला घटसर्पानें गांठलें. त्या काळीं या रोगावर ना लस होती ना खात्रीचें औषध. मुलाचा जीव वांचला, परंतु घसा लुळा पडला व सुमारें नऊ महिने त्याला बोलतां येईना. पुढेंही प्रकृति नाजूकच राहिली. धांगडधिंग्याच्या खेळांत भाग घेतां येत नसल्यामुळें तो वाचनाकडे वळला. एकदां वाचलेलें पुस्तक त्याच्या मनांत जसेंच्या तसें राही. अमुक मजकूर कोणत्या पानावर आहे हेंही तो सांगूं शके. दृष्टि मात्र अधू होती. शाळेंत फळ्यावरचें लिहिलेलें त्याला नीट दिसत नसे, म्हणून तो शिक्षकांचें बोलणें कान देऊन ऐके व सर्व आकृत्या मनांतल्या मनांत काढी. हाताची चित्रकला इतकी वाईट होती कीं, त्यानें काढलेलें चित्र कशाचें आहे हें ओळखणें कठीण जाई. ज्याला कागदावर रेघ धड काढतां येत नव्हती त्याच मुलानें पुढें साऱ्या गणितशास्त्राला आकृतींच्या द्वारें विचार करावयास शिकविलें, हें आमच्या चित्रकलेंत नापास होणाऱ्या मित्रांनीं ध्यानांत ठेवावें.

१८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें आणि नान्सी शहर जर्मन फौजेच्या ताब्यांत गेलें. आंरी तेव्हां सोळा वर्षांचा होता. तो वडिलांच्या बरोबर जखमी शिपायांच्या शुश्रूषेसाठीं हिंडूं लागला. शत्रूच्या गोटांतून बातम्या कळाव्यात म्हणून त्यानें जर्मन वर्तमानपत्रें वाचण्यास आरंभ केला व त्यांतूनच ती भाषा शिकून घेतली. युद्धकाळांत पाहिलेली दैना तो कधीं विसरला नाहीं. तरीपण जर्मन गणितज्ञांशीं त्याचा पुढें आयुष्यभर स्नेहाचा पत्रव्यवहार राहिला.

१८७१ सालीं शास्त्र विषयाची शालान्त परीक्षा झाली. त्या दिवशीं आंरी उशिरा पोहोंचला, घाईंत प्रश्न नीट वाचला नाहीं, आणि गणिताच्या लेखी परीक्षेंत जवळजवळ नापासच झाला. प्रश्न एका साध्या भूमितिश्रेणीच्या बेरजेचा होता! परीक्षकांना त्याची योग्यता ठाऊक असल्यामुळें तो कसाबसा वर निघाला. दोनच वर्षांनीं, १८७३ मध्यें, पॅरिसच्या सुप्रसिद्ध एकोल पॉलितेक्निक या विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंत तो साऱ्या फ्रान्समध्यें पहिला आला. पहिली गोष्ट आठवून दुसरीला कमी लेखूं नये, आणि दुसरी आठवून पहिली विसरूं नये, इतकेंच आम्ही येथें सांगतों.

पॉलितेक्निकनंतर प्वांकारे यांनीं खाणकामाच्या विद्यालयांत शिक्षण घेतलें व १८७९ सालीं ते वेझूल येथें खाणींचे इंजिनियर म्हणून रुजू झाले. त्याच वर्षीं १ सप्टेंबर रोजीं त्यांच्या हद्दींतील मान्यी येथील कोळशाच्या खाणींत वायूचा भयंकर स्फोट होऊन अनेक मजूर मृत्युमुखीं पडले. पुन्हां स्फोट होण्याची भीति असतांही हे तरुण अधिकारी तपासासाठीं खाणींत उतरले. त्यांनीं एकेक दिवा हातांत घेऊन पाहिला. तेव्हां एका दिव्याच्या जाळीला पडलेलें चौकोनी भोंक त्यांना आढळलें. तें कुदळीच्या टोंकानें पडलें असावें. त्या भोंकांतून ज्वाळा बाहेर येऊन खाणींतील वायु पेटला, असा निर्णय त्यांनीं शांतपणें लिहून दिला. एवढीशी खोंच आणि एवढा अनर्थ! लहान कारणापासून अवाढव्य परिणाम कसा होतो, याचा हा धडा त्यांना पुस्तकाबाहेर मिळाला.

त्याच सालीं पॅरिसच्या विद्यापीठानें त्यांना गणितांतील डॉक्टरची पदवी दिली आणि डिसेंबरांत ते कां येथील महाविद्यालयांत अध्यापक झाले. तेथें असतांना एका सहलीच्या वेळीं कूतांस या गांवीं गाडींत चढण्यासाठीं पायरीवर पाऊल ठेवतांच, गणितांतील एक महत्त्वाची कल्पना त्यांच्या मनांत एकदम चमकली, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. परंतु आधीं केलेल्या कष्टांवांचून असा प्रकाश पडत नाहीं, हेंही त्यांनीं त्याच ठिकाणीं बजावलें आहे. १८८१ सालीं त्यांचा विवाह लुईझ पूलें द'आंदेसी यांच्याशीं झाला. त्यांना तीन मुली व एक मुलगा अशीं चार अपत्यें झालीं. त्याच वर्षीं ते पॅरिसच्या विद्यापीठांत आले व अखेरपर्यंत तेथेंच राहिले. त्यांचा कामाचा क्रम ठरलेला असे: सकाळीं दहा ते बारा व सायंकाळीं पांच ते सात, असे चार तास ते गणितावर चित्त एकाग्र करीत.

आतां आमच्या कथेचा मुख्य भाग येतो. तो समजण्यासाठीं थोडें शास्त्र समजून घेतलें पाहिजे.

तराजूच्या स्प्रिंगला एक शेर वजन लाविलें असतां ती एक बोट ताणली जाते, दोन शेर लाविलें तर दोन बोटें. कारण दुप्पट, तर परिणामही दुप्पट. अशा व्यवस्थेला गणितांत रेषीय म्हणतात. तिच्यांत निरनिराळ्या कारणांचे परिणाम वेगळाले काढून त्यांची बेरीज करतां येते. समुद्राची भरती बरीचशी अशीच वागते. मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या चढउताराची नोंद यंत्रानें ठेवण्यांत आली. अशा नोंदी म्हणजे समुद्रानें पाठविलेले संकेतच होत. फ्रेंच गणितज्ञ फूर्ये यांच्या रीतीनें त्यांचें पृथक्करण केलें असतां ती वांकडीतिकडी रेघ म्हणजे चंद्र-सूर्यांच्या ओढीनें उठलेल्या कांहीं साध्या, ठराविक काळाच्या लाटांची बेरीज आहे असें दिसून येतें. त्या लाटा पुन्हां मिळवून पुढील भरतीचे आंकडे देणारें एक यंत्र १८७९ सालीं लंडनमध्यें खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठीं तयार झालें होतें.

परंतु निसर्गांतील पुष्कळशा व्यवस्था अशा सरळ नाहींत. त्यांत परिणाम उलटून कारणावर कार्य करतो आणि बेरजेचा नियम लागूं पडत नाहीं. यांस अरेषीय म्हणतात. यांपैकीं सर्वांत प्राचीन कोडें आकाशांतील आहे. पृथ्वी व सूर्य असे दोनच गोल असते तर पृथ्वीची वाट कशी असेल हें न्यूटननें १६८७ च्या ग्रंथांत सिद्ध केलें. पण चंद्र हा तिसरा भिडू आला कीं गणित अडतें. कारण प्रत्येक गोल इतर दोघांना ओढतो, आणि ते हलले कीं त्यांची ओढही बदलते. हें गोलत्रयाचें कोडें दोनशें वर्षें मोठमोठ्या गणितज्ञांना दाद देत नव्हतें. त्याच्या पोटांत एक गंभीर प्रश्न दडलेला होता: आपली सूर्यमाला आज आहे तशीच टिकेल, कीं एखादा ग्रह कधीं काळीं भटकत निघून जाईल?

१८८५ सालीं स्वीडन व नॉर्वे यांचे राजे दुसरे ऑस्कर यांच्या नांवानें एक स्पर्धा जाहीर झाली. राजांचा साठावा वाढदिवस २१ जानेवारी १८८९ रोजीं होता. त्या दिवशीं विजेत्याला सुवर्णपदक व २,५०० क्रोनर मिळावयाचे होते. स्टॉकहोमचे मिताग-लेफ्लर, बर्लिनचे वायरस्ट्रास आणि पॅरिसचे एर्मीट असे तीन नामांकित परीक्षक होते. निबंधावर लेखकाचें नांव न घालतां केवळ एक बोधवचन घालावयाचें होतें. एकंदर बारा निबंध आले. प्वांकारे यांनीं आकाशस्थ गोलांचा प्रश्न घेतला होता. त्यांनीं तो संपूर्ण सोडविला नाहीं, पण ज्या नव्या रीतीनें हाताळला ती पाहून परीक्षक थक्क झाले व बक्षीस त्यांनाच मिळालें. फ्रान्स सरकारनेंही त्यांचा बहुमान केला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें चौतीस होतें.

मिताग-लेफ्लर हे आक्टा मॅथेमॅटिका या मासिकाचे संपादक होते व त्यांत हा निबंध प्रसिद्ध व्हावयाचा होता. छपाईची तपासणी करण्याचें काम एडवर्ड फ्राग्मेन या तरुणाकडे होतें. १८८९ च्या जुलैंत कांहीं ठिकाणचा युक्तिवाद त्याला स्पष्ट होईना, म्हणून त्यानें शंका विचारल्या. जगन्मान्य पंडिताला एका नवशिक्यानें शंका विचाराव्या, हें पुष्कळांना रुचलें नसतें. प्वांकारे यांनीं त्यांचीं उत्तरें दिलीं. परंतु उत्तरें देतां देतां निबंधाच्या दुसऱ्या एका भागाकडे त्यांचें लक्ष गेलें आणि तेथें त्यांना जें दिसलें त्यानें ते हादरून गेले. चूक शाईची किंवा आंकड्याची नव्हती. ज्या सिद्धांतावर सूर्यमालेच्या स्थैर्याचा सारा डोलारा उभा होता, तो सिद्धांतच खोटा होता.

तोंपर्यंत अंक छापून तयार झाला होता. थोड्या प्रती वांटल्याही गेल्या होत्या. तिन्ही परीक्षकांच्या नजरेंतून ही चूक निसटली होती. पदक मिळालें होतें, पैसे मिळाले होते, मानसन्मान झाला होता. गप्प राहिल्यानें कदाचित् पुष्कळ वर्षें कोणाला कळलें नसतें. प्वांकारे गप्प राहिले नाहींत. १८८९ च्या नोव्हेंबरअखेरीस त्यांनीं छपाई थांबविण्याविषयीं तार केली आणि लागलीच पत्रानें सर्व हकीगत मिताग-लेफ्लर यांस कळविली. झाल्या प्रकाराचें दुःखही लपविलें नाहीं.

मिताग-लेफ्लर मोठ्या पेंचांत सांपडले. स्पर्धा राजाच्या नांवाची होती आणि मासिकाची पत पणास लागली होती. त्यांनीं गाजावाजा न करतां वांटलेल्या प्रती एकेक करून परत मागविल्या आणि फुकट गेलेल्या छपाईचा खर्च प्वांकारे यांनीं द्यावा असें सुचविलें. तो खर्च ३,५८५ क्रोनर ६३ ओरे इतका झाला. मिळालेल्या बक्षिसापेक्षां हा आंकडा १,००० क्रोनरांहूनही अधिक होता. प्वांकारे यांनीं कुरकुर न करतां रक्कम भरली. पालकांनीं हा हिशेब मुलांना समजावून सांगावा. राजाकडून पदक व पैसे घेऊन निघालेल्या या गृहस्थाच्या खिशांतून सत्यापायीं आणखी पैसे गेले, आणि त्याचें नांव मात्र कायमचें राहिलें.

पण नुसते पैसे भरून चूक दुरुस्त होत नाहीं. प्वांकारे यांनीं कंबर बांधली व पुढील थोड्याच आठवड्यांत निबंध नव्यानें लिहून काढला. १८९० सालीं तो २७० पानांचा होऊन प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं फ्राग्मेनचे आभार मानले. हाच फ्राग्मेन पुढें १८९२ सालीं स्टॉकहोम येथें प्राध्यापक झाला.

चूक होती तरी कोणती? ती ओळखण्यासाठीं प्वांकारे यांची युक्ति आधीं पाहूं. एखादी गति सतत पाहत राहिलें तर रेघांचा गुंता डोळ्यांपुढें येतो. त्याऐवजीं, रात्रीं पहाऱ्यावरचा रखवालदार जसा एकाच फाटकाशीं बसून आंतबाहेर होणाऱ्यांची नोंद करतो, तशी गोलाच्या वाटेंत एक काल्पनिक पडदा आडवा उभा करावा व गोल पडद्यांतून पलीकडे जाईल त्या त्या वेळीं त्यावर एक ठिपका द्यावा. गति हुबेहूब पुनः पुनः तीच होत असेल तर सारे ठिपके एकाच जागीं पडतील. दोन निरनिराळे ताल एकत्र मिसळले असतील तर ठिपक्यांची बंद माळ तयार होईल. अशा रीतीनें अवघड गतीचा स्वभाव एका साध्या चित्रांत उतरतो. या युक्तीला आज प्वांकारे-छेद म्हणतात.

अशा चित्रांत एक विशेष ठिपका असा असतो कीं, त्याच्यापासून कांहीं वाटा दूर निघतात व कांहीं वाटा त्याच्याकडे परत येतात. जाणारी वाट व येणारी वाट या पुढें जाऊन एकमेकींत बेमालूम मिळतात असें प्वांकारे यांनीं पहिल्या निबंधांत धरलें होतें. तसें झालें तर त्यांचें एक बंद कुंपण तयार होतें, आंतली गति आंतच राहते, आणि स्थैर्य सिद्ध होतें. दुरुस्ती करतांना त्यांना कळलें कीं, या दोन वाटा एकमेकींत मिळत नाहींत, तर एकमेकींना छेदून जातात. आणि एकदां छेदल्या कीं त्यांना अनंत वेळां छेदावें लागतें. कुंपणाच्या जागीं अतोनात बारीक विणीचें, आपल्याच अंगावर दुमडत जाणारें जाळें उभें राहतें. १८९२ ते १८९९ या काळांत प्रसिद्ध झालेल्या खगोलीय यामिकीवरील आपल्या त्रिखंडात्मक ग्रंथांत त्यांनीं या जाळ्याचें वर्णन केलें आहे, आणि तें इतकें गुंतागुंतीचें आहे कीं काढून दाखविण्याचा प्रयत्नही आपण करीत नाहीं असें स्पष्ट सांगितलें आहे.

याचा अर्थ फार खोल आहे. नियम अगदीं ठाम, पण त्यांच्यांतून निघणारी गति मात्र अशी कीं, आरंभींच्या स्थितींत केसाएवढा फरक पडला तरी पुढें त्याचा डोंगर व्हावा. १९०८ सालच्या आपल्या एका लोकप्रिय ग्रंथांत प्वांकारे यांनीं हवेचेंच उदाहरण दिलें: वादळ येथें होईल कीं तेथें, हें सांगतां न येण्याचें कारण निसर्गाला नियम नाहीं हें नव्हे, आरंभींची स्थिति आपल्याला पुरेशी बारकाईनें कळत नाहीं हें होय.

त्याच १९०८ सालीं त्यांनीं पॅरिसच्या टपाल व तार खात्याच्या विद्यालयांत बिनतारी संदेशावर व्याख्यानें दिलीं. त्या काळीं विजेच्या आर्क-दिव्यांतून एकसारखा सूर काढून त्याच्या साहाय्यानें संदेश पाठविण्याचे प्रयत्न चालले होते. हा सूर कांहीं केल्या स्थिर कसा राहतो? प्वांकारे यांनीं दाखविलें कीं, अरेषीय व्यवस्थेंत एक बंद वाट अशी असूं शकते कीं, आंतून किंवा बाहेरून कोठूनही सुरुवात केली तरी गति अखेर त्याच वाटेवर येऊन स्थिरावते. ही कल्पना त्यांनीं १८८० नंतरच्या दशकांत शुद्ध गणित म्हणून मांडली होती. पंचवीस वर्षांनीं ती तारायंत्राच्या कामीं आली. आयफेल मनोऱ्यावरून १९१० पासून घड्याळाची वेळ कळविणारे बिनतारी संकेत सुरू झाले, त्या योजनेंतही त्यांचा हात होता.

जेथें गोंधळ दिसतो तेथें नियम शोधणें हें त्यांचें जन्माचें काम. परंतु जेथें नियम नाहीं तेथें तो असल्याचा भास निर्माण करणें हें ते पाप समजत. फ्रान्समध्यें कॅप्टन ड्रेफस या निरपराध अधिकाऱ्यावर एका हस्तलिखित चिठोऱ्यावरून देशद्रोहाचा आरोप ठेवून १८९४ सालीं शिक्षा झाली होती. संभवगणिताचें मोठें अवडंबर माजवून तें अक्षर त्याचेंच आहे असें एका तज्ज्ञानें भासविलें. १८९९ मध्यें प्वांकारे यांनीं पत्रानें, व १९०४ मध्यें दार्बू व आपेल या दोन गणितज्ञांसह लिहिलेल्या अहवालानें, तें सारें गणित निराधार असल्याचें दाखवून दिलें. १९०६ सालीं ड्रेफस निर्दोष ठरला. ज्याला आपली चूक सांगतां आली होती, त्याला दुसऱ्याची चूक सांगण्याचा अधिकारही होता.

मानसन्मान त्यांना भरपूर मिळाले. अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, १८८७ सालीं, ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सभासद झाले, आणि १९०८ मध्यें तेथील साहित्यिकांच्या फ्रेंच अकादमीनेंही त्यांची निवड केली. त्यांनीं सुमारें ५०० निबंध लिहिले. तथापि त्यांच्या शेवटच्या दिवसांतील एक गोष्ट आम्हांस या साऱ्यांहून मोठी वाटते. १९११ च्या डिसेंबरांत त्यांनीं पालेर्मो येथील एका गणितविषयक मासिकाच्या संपादकांना विचारलें कीं, जो सिद्धांत खरा वाटतो पण दोन वर्षें खपूनही सिद्ध करतां आला नाहीं, तो अपुरा छापाल काय? प्रकृतीचा भरंवसा वाटत नसल्यामुळें दुसऱ्या कोणीं तरी तें काम पुरें करावें, हा हेतु होता. निबंध १९१२ मध्यें छापून आला. त्याच वर्षीं १७ जुलै रोजीं, शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांनीं, प्वांकारे यांचें पॅरिस येथें निधन झालें. त्यांचें वय अठ्ठावन्न होतें. पुढच्याच वर्षीं बर्कॉफ या अमेरिकन तरुणानें तो सिद्धांत सिद्ध केला.

त्यांनीं न काढलेलें तें जाळें मात्र बराच काळ थोड्यांनाच ठाऊक राहिलें. १९६१ सालीं अमेरिकेंतील एडवर्ड लॉरेंझ हे हवामानशास्त्रज्ञ गणकयंत्रावर हवेचें सोपें गणित करीत होते. जुनें गणित पुन्हां चालवितांना त्यांनीं ०.५०६१२७ या आंकड्याऐवजीं ०.५०६ एवढाच घातला. कांहीं वेळानें पाहतात तों नवी हवा जुन्या हवेहून पार निराळी झालेली! १९६३ मध्यें त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला, आणि प्वांकारे यांचें म्हणणें डोळ्यांना दिसूं लागलें.

आतां उरला प्रश्न संकेतांचा. हृदय, नदी किंवा वारा यांचीं समीकरणें आपल्या हातीं नसतात. हातीं असते ती केवळ एक नोंदलेली रेघ. वेडीवांकडी रेघ फूर्ये यांच्या रीतीनें फोडली असतां थोड्या साध्या लाटा न मिळतां लाटांची गर्दीच मिळाली, तर तो निव्वळ गोंगाट समजावा कीं त्यांत नियम आहे असें समजावें? येथें प्वांकारे यांचे ठिपके उपयोगीं पडतात. १९८१ मध्यें हॉलंडचे फ्लोरिस टाकेन्स यांनीं सिद्ध केलें कीं, एकाच संकेताची आतांची किंमत आणि थोड्या वेळापूर्वीच्या किंमती एकत्र मांडल्या तर, कांहीं अटींवर, मूळ व्यवस्थेच्या गतीचा आकार परत उभा करतां येतो. अमेरिकेंतील रॉबर्ट शॉ यांनीं तर साधा गळका नळ घेऊन प्रयोग केला. नळ मंद गळतो तेव्हां दोन थेंबांमधील वेळ सारखा असतो. तोटी किंचित् सैल केली कीं एक वेळ लांब, एक आंखूड असें होतें. आणखी सैल केली कीं सारा ताल बिघडतो. पण प्रत्येक वेळ पुढच्या वेळेच्या समोर मांडून ठिपके दिले असतां ते वाटेल तेथें न पसरतां एक विशिष्ट आकृति धरतात. गोंधळाच्या पोटीं असलेला नियम असा उघडकीस येतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतरें अशाच ठिपक्यांनीं मांडतात, आणि त्या चित्राला संशोधक प्वांकारे-आलेख म्हणतात. ज्यांच्या घरीं किंवा वसतिगृहांत नळ गळत असेल त्या विद्यार्थ्यांनीं तो दुरुस्त होण्यापूर्वीं वही, पेन्सील व घड्याळ घेऊन हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

प्वांकारे यांची बुद्धि आपणांपैकीं कोणास लाभेल कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण त्यांनीं १८८९ सालीं जें केलें त्यास बुद्धीहून निराळी गोष्ट लागली, आणि ती आठवींतल्या मुलालाही साधण्यासारखी आहे. त्यांनीं तें पान फाडलें असतें तर त्या पानाखालीं दडलेलें जाळें त्यांना कधींच दिसलें नसतें. तेव्हां पुढील वर्षीं आमच्याकडे येणाऱ्या वह्यांत चुकलेलीं उदाहरणें खोडरबरानें पुसलेलीं नसावींत. त्यांवर एक साधी रेघ मारून, शेजारीं चूक कोठें झाली तें लिहून, मग खालीं नवें गणित मांडलेलें असावें, एवढीच आमची विद्यार्थ्यांस विनंती आहे. आणि पालकांस अशी कीं, तसलें पान घरीं दृष्टीस पडल्यास त्यांनीं मुलावर रागावूं नये.